नऊ घरांनी उसनी नेलेली खिडकी

मित्रांनो, खिडकीनं एका भिंतीत बसावं, जन्मभर एकच अंगण पाहावं आणि ओल धरली की कुरकुरावं, अशी साधारण रीत आहे. मी एक जुनी खिडकी आहे खरी, पण ही रीत मला पाळता आली नाही. तरुणपणी मी बैलगाडीतून, माणसांच्या खांद्यांवरून आणि एकदा तर खेचराच्या पाठीवरून ओढ्याकाठच्या घरोघर हिंडले. माझ्या जोरावर नेब्रास्कातल्या नऊ माणसांनी बायबलावर हात ठेवून शपथा घेतल्या. एवढा मान खिडकीच्या वाट्याला क्वचित येतो. त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. ती हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म ओहायोतला. असाहेल लुडलो नावाच्या एका संथ सुतारानं मला घडवलं. पांढऱ्या पाइनचं लाकूड त्यानं दोन वर्षं माळ्यावर वाळवलं आणि मग माझी चौकट केली. तिच्यात सहा तावदानं बसवली. पाच अगदी सपाट होती. सहाव्या काचेत मात्र एक लहर होती. तिच्यातून गाय पाहिली तर तिची मान उंटासारखी लांब दिसे. असाहेल ती काच बदलणार होता. त्याच्या बायकोनं, हेप्सिबानं, त्याला अडवलं. "राहू द्या," ती म्हणाली, "रोज हसायला काहीतरी हवंच की."

तिला हसायला दुसरं फारसं काही नव्हतं. असाहेलचं दुकान जळालं होतं आणि नवराबायको तिच्या भावाच्या, लेम्युएलच्या, घरी मागच्या खोलीत राहत होती. भावजय साखरेच्या डब्याला कुलूप लावी. लेम्युएल जेवताना मोठ्या मनानं म्हणे, "हेप्सी, आणखी एक बटाटा घे गं. मी काही मोजत बसलेलो नाही." जो मोजत नाही त्याला असं सांगावं लागत नाही, हे हेप्सिबाला कळत होतं. ती बटाटा घेत नसे.

पश्चिमेला सरकारनं जमीन खुली केल्याची बातमी आली, तेव्हा असाहेलनं सगळ्यांत आधी मला बनवायला घेतलं. लोक हसले. "अरे, आधी घर तरी बांध!" तो म्हणाला, "घर तिथल्या झाडांचंही होईल. काच तिथे कुठून आणू?"

मिसूरी नदीच्या आगबोटीवर असाहेलला पटकी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बोट जळाऊ लाकूड भरायला एका धक्क्याला थांबली होती. तेवढ्या वेळात त्याला काठावर पुरलं आणि बोटीनं शिटी दिली. कप्तान भला माणूस होता. परतीच्या बोटीवर फुकट जागा देतो म्हणाला. हेप्सिबा माझ्या खोक्यावर बसली होती. ती म्हणाली, "परत गेले तर तो बटाटा आहेच माझी वाट पाहत. नको, कप्तान. पुढेच सोडा मला."

कायद्यानं विधवेलाही एकशे साठ एकर जमीन धरता येत होती. अट एवढीच होती की तिथे खरंच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. सरकारी लिलावाच्या तारखेआधी साठ मैलांवरच्या जमीन कचेरीत एका साक्षीदाराला घेऊन जायचं, शपथेवर तसं सांगायचं आणि ठरलेले पैसे भरून कागद घ्यायचा. पैसे तिच्या परकराच्या घडीत शिवलेले होते.

हेप्सिबानं ओढ्याच्या वळणावरचा तुकडा धरला. ओंडके रचायला शेजारी आले. त्यांत सगळ्यांत पुढे जोथम स्प्रेग होता, पंचविशीतला, लांब हातांचा, बोलका. मला पूर्वेच्या भिंतीत बसवलं त्या दिवशी चौदा माणसं नुसती पाहायला आली. त्या ओढ्यावर तेव्हा दुसरी काच नव्हती. कोणाच्या भिंतीला चरबी लावलेला कागद होता, कोणाच्या भोकावर पिठाचं पोतं. जोथमची बायको मर्सी माझ्यासमोर उभी राहिली आणि मला वाटलं ती देखावा पाहते आहे. ती केस सारखे करत होती.

हेप्सिबाला सगळे हेप्सीमावशी म्हणू लागले. ती दर शनिवारी मला व्हिनेगरनं पुसे. सकाळी मक्याची भाकरी भाजताना लांब मानेच्या गाईकडे पाहून एकदा तरी हसे. तिथे आमची दीड वर्षं गेली. मी भिंतीत होते, भिंत तिची होती, आणि कोणी कोणाचे बटाटे मोजत नव्हतं.

मग जमीन कचेरीत नवा रजिस्ट्रार आला. तो पूर्वेकडच्या मोठ्या शहरातला होता. नुसत्या चार ओंडक्यांना घर म्हणवून जमिनी लाटणारे फार झालेत, असं त्याला वाटे, आणि ते खरंही होतं. त्यानं शपथेच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवला. छप्पर आहे का, दार आहे का, आणि काचेची खिडकी आहे का? ज्याला टिकून राहायचं आहे तोच काच लावतो, असा त्याचा हिशेब. हिशेब चांगला होता. फक्त त्या हिवाळ्यात नदी गोठलेली होती आणि काच घेऊन येणारी बोट वसंताआधी यायची नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी जोथम आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"मावशी, एक मागायचंय."

"पीठ संपलं का?"

"पीठ नाही. खिडकी."

मावशीनं तव्यावरून नजर उचलली. "आख्खी?"

"दोन दिवसांसाठी. परवा कचेरीत जायचंय. डीटर माझा साक्षीदार. त्यानं माझ्या घरात खिडकी डोळ्यांनी बघितली पाहिजे, म्हणजे त्याला तसं सांगता येईल. भिंत फोडत नाही मी. आत खिळ्याला टांगतो. आहे म्हणजे आहे! प्रश्न काय, 'घरात खिडकी आहे का?' भिंतीत आहे का, असं कुठे विचारलंय?"

"जोथम, तू वकील व्हायचास."

"वकिलाला एवढं चालावं लागत नाही, मावशी."

ती हसली. मग गंभीर झाली. "आणि तुझी शपथ?"

"घर खरं आहे माझं. मर्सी खरी आहे. पोटातलं पोर खरं आहे. एक काच तेवढी नाही, ती नदीच्या बर्फात अडकलीय. त्यासाठी जमीन घालवू?"

मावशीनं स्वतःच्या हातानं माझ्या खुंट्या काढल्या. माझ्या जागी तिनं गोधडी लटकवली. जोथमनं मला खांद्यावर घेतलं.

त्याच्या घरात मी एक रात्र आणि पुढची सकाळ होते. डीटर क्लाउस हा जर्मन शेजारी आला, त्यानं मला नीट निरखलं, "खिडकी," असं म्हणाला आणि कॉफी प्यायला. जोथमला कागद मिळाला.

पुढच्या आठवड्यात दुसरा आला. मग तिसरा. माझ्या आठवणीतल्या नोंदी पक्क्या आहेत, म्हणून सांगते. एकाच्या घरात मी अडीच दिवस होते. त्याच्या घराला दार नव्हतं, पण खिडकी होती. एकानं मला उलटी टांगली. एकाच्या पोरांनी तावदानांवर गूळपाण्याची बोटं उठवली. त्याच्या बायकोनं ती पुसली नाहीत, मावशीनंच पुसली. खेचराच्या पाठीवर मला नेणाऱ्यानं वाटेत माझ्याशी गप्पा मारल्या, कारण तो भित्रा होता आणि शपथेची तालीम करत होता. उपकाराची परतफेड सगळ्यांनी केली, नाही म्हणत नाही. कोणी तिचं शेत नांगरून दिलं, कोणी डुकराचं खारवलेलं मांस आणलं. माणसं वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्यांना वाईट म्हणाल.

मर्सी तिला म्हणे, "मावशी, आता तुम्ही जाऊन या ना कचेरीत. दुसऱ्यांचंच किती दिवस?"

"माझं घर कुठे पळून चाललंय? ज्यांचं डळमळीत आहे त्यांचं आधी होऊ दे."

मित्रांनो, इथे तिची चूक झाली. स्वतःचं खरं आहे म्हणून ते सिद्ध करायची घाई नाही, असं तिला वाटलं.

मे उजाडला तरी काचेची बोट आलेली नव्हती, आणि मी डीटरच्या भिंतीवर टांगलेली असताना ऑरिन स्टॉडर्ड आला. शहरातून आलेला, स्वच्छ कॉलरचा, हळू बोलणारा माणूस. दुसऱ्याची जमीन हेरायची, त्याच्या हक्कात खोट काढायची आणि ती आपल्या नावावर करायची, हा त्याचा उद्योग. डीटरकडे त्यानं घोड्याला पाणी मागितलं. आत आला. मला पाहिलं. एका बोटानं मला हलकेच ढकललं. मी खिळ्यावर झुलले.

"छान खिडकी आहे. तुमचीच?"

"माझी," डीटर म्हणाला.

"वळणावर एक बाई राहतात. त्यांच्या भिंतीला भोक आहे आणि भोकावर गोधडी. अगदी एवढ्याच मापाचं भोक."

डीटरनं खांदे उडवले. स्टॉडर्ड हसला, आभार मानून गेला. तो ओढ्यावरून खाली प्रत्येक घरी पाणी मागत गेला, असं नंतर कळलं. त्या घोड्याला त्या दिवशी फार तहान लागली होती. प्रत्येक घरात त्यानं भिंतीवर एक मोकळा खिळा पाहिला.

ही माणसं खोटी आहेत हे सिद्ध करायची त्याला गरजच नव्हती. ती खरं बोलू शकणार नाहीत, एवढं कळलं की त्याचं काम झालं. शपथ खोटी ठरली तर जमीन सरकारजमा होते आणि वर तुरुंग, हे ओढ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

त्यानं मावशीच्या जमिनीच्या कोपऱ्यात चार ओंडके रचले आणि कचेरीत अर्ज दिला. विधवा लुडलो तिथे मनापासून राहत नाही, घर राहण्यालायक नाही, भिंतीला उघडं भोक आहे, सबब जमीन अर्जदाराला मिळावी. सुनावणीची तारीख लागली.

डीटरची शपथ तोवर झालेली होती. त्यानं मला लगोलग परत आणून दिलं. मावशीनं मला भिंतीत बसवलं, आणि तारीख आली तेव्हा पुन्हा काढलं. "घर तर कचेरीत नेता येत नाही," ती म्हणाली, "हीच नेते."

साठ मैल मी गोधडीत गुंडाळून गेले. जोथम गाडी हाकत होता. तो तिचा पहिला साक्षीदार. मागून दुसऱ्या गाडीत डीटर आणि आणखी दोघे. मर्सी तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. वाटेत मावशी उत्साहात होती. तिनं निकाल लागल्यावर खायला म्हणून मधाचा केक बांधून घेतला होता.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. मला टेबलावर ठेवलं. रजिस्ट्रार चष्मा पुसून माझ्याकडे पाहत राहिला. सहावी काच त्यानं बोटानं चाचपली.

स्टॉडर्डचा वकील उठला. त्यानं जोथमला दोनच गोष्टी विचारल्या.

"मिस्टर स्प्रेग, फेब्रुवारीत आपण शपथेवर सांगितलंत, आपल्या घरात सहा तावदानांची काचेची खिडकी आहे. ती आजही आहे?"

जोथमचे लांब हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "आहे."

"आणि ही टेबलावरची? ही कधी या बाईंच्या घरात पाहिलीत? पाहिली असेल तर फेब्रुवारीत ती कुठे होती, तेही सांगा. त्या ओढ्यावर या वसंताआधी एकच खिडकी आली, असं आगबोटीच्या मालाच्या नोंदी सांगतात."

मी टेबलावर आडवी होते. माझ्यातून मला जोथमचा चेहरा दिसत होता. तो मर्सीकडे पाहत होता आणि मर्सी पोरीच्या टोपडीचा बंद बांधत होती. तो बांधलेलाच होता.

"मला... नीटसं आठवत नाही," जोथम म्हणाला. "मावशींच्या... मिसेस लुडलोंच्या घरात खिडकी होती की नाही, ते मी सांगू शकत नाही."

मग डीटर. डीटर म्हणाला, त्याला इंग्रजी फारसं समजत नाही. आदल्याच महिन्यात त्यानं खेचराच्या सौद्यात एका आयरिश माणसाला इंग्रजीत गार केलं होतं. उरलेल्या दोघांना बोलावलं तेव्हा एकाला खोकला आला आणि दुसरा घोड्यांकडे बघून येतो म्हणून गेला. तो परत आला नाही.

रजिस्ट्रार काही मूर्ख नव्हता. त्यानं चष्मा काढला. आवाज मऊ केला.

"मिसेस लुडलो, ही खिडकी तुमची आहे, यावर माझा विश्वास बसू लागलाय. पण मे महिन्यात ती तुमच्या घरात नव्हती. कुठे होती?"

"उसनी दिली होती, साहेब."

"कोणाला?"

तिनं शालीचं टोक सारखं केलं.

"नाव सांगा. एक नाव सांगितलंत तरी मला पुढे विचारता येईल. जमीन तुमची राहील, असं मला वाटतं."

नऊच्या नऊ नावं तिला पाठ होती. तारखांसकट. तिनं बाकावर नजर फिरवली. जोथम, मर्सी, पोर, डीटर. तिनं घाई केली नाही. एकेकाकडे पाहिलं, जसं पंगतीत वाढताना पाहतात.

"साहेब, मी दिली एवढं मी सांगितलं. कोणी नेली, ते ज्यानं नेली त्यानं सांगावं. ते मी सांगणं बरं नाही."

आणि ती वाट पाहत उभी राहिली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ शांतता पाहिली आहे. बर्फाच्या दिवसांत खिडकीला दुसरं असतं काय? पण तसली शांतता पुन्हा पाहिली नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मी मोजत होते. जोथम एकदा अर्धवट उठला. मर्सीनं त्याचा कोट धरला नाही, ओढलाही नाही. तिनं फक्त पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं. तो खाली बसला.

रजिस्ट्रारनं लेखणी उचलली. जमीन स्टॉडर्डला मिळाली.

परतीचे दोन दिवस जोथम हवेबद्दल बोलला. यंदा मका लवकर काढावा लागेल. वारा दक्षिणेचा आहे. मावशी "हो" म्हणत होती. मधाच्या केकचं फडकं कोणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनंच तो मर्सीच्या हातात दिला. "पोर अंगावर पितंय, खा तू." मर्सीनं एक घास तोडला आणि बाकीचा परत फडक्यात बांधला.

घर रिकामं करायला दोन महिन्यांची मुदत होती. मावशीला आवरायला दोन तास पुरले. लेम्युएलला पत्र गेलं होतं. त्याचं उत्तरही आलं, ये म्हणून. आम्ही काही मोजत बसलेलो नाही, असंही त्यात होतं.

गाडीवर सामान चढवताना जोथमनं मला गोधडीत गुंडाळून आणलं.

"मावशी, ही... ही राहिली."

"ती मला कशाला? लेम्युएलच्या घराला चौदा खिडक्या आहेत. मी पुसणारच आहे त्या."

"मावशी, मी त्या दिवशी—"

"तुझं पोर लहान आहे, जोथम. मला दिसलं ते." तिनं माझ्या चौकटीवरून एकदा हात फिरवला, असाहेल रंधा मारल्यावर फिरवायचा तसा. "ही तू ने. तुझ्या भिंतीत लाव. तिथे खिडकी आहे म्हणून तू देवाच्या पुस्तकावर हात ठेवून सांगितलंयस ना? निदान आता तरी ती शपथ खरी होऊ दे."

ती रागानं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती समजूत घालावी तशी म्हणाली. गाडी निघाली. तिनं मागे वळून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही. मी गोधडीत होते.

जोथमनं मला भिंतीत बसवलं, पण उत्तरेच्या. पूर्वेची भिंत मोकळी होती, तिथे ऊन आलं असतं. पण पूर्वेकडून ओढ्याचं वळण दिसतं.

त्याला आता चाळीसएक वर्षं झाली. जोथम मोठा माणूस झाला. शाळेच्या समितीवर बसला, चर्चला घंटा दिली. तो कोणाला काही उसनं मागत नाही आणि मागितलेलं नाकारत नाही. मर्सी मला दर शनिवारी पुसते, अगदी कोपऱ्यांसकट. तिला ते कोणी शिकवलं, ते ती सांगत नाही. दोन तावदानं गारांनी फुटली, नवी बसवली. रंग चार वेळा दिला. माझी हेळसांड झाली म्हणाल, तर तशी काही झाली नाही.

पण दर चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, ओढ्यावरची जुनी माणसं आमच्या अंगणात जमतात, कोंबडीवर ताव मारतात आणि नव्या पिढीला जुन्या गमती सांगतात. त्यात हमखास एक गंमत माझी असते. एकाच खिडकीवर नऊ जमिनींचे कागद कसे मिळवले, कचेरीतल्या साहेबाला कसं बनवलं, डीटरनं "खिडकी!" कसं म्हटलं. आता भीती राहिलेली नाही, कागद पक्के झाले आहेत. माणसं पोट धरून हसतात. पोरं मला हात लावून बघतात. माझं फार कौतुक होतं.

गेल्या वर्षी जोथमच्या नातीनं विचारलं, "आजोबा, पण ती खिडकी मुळात होती कोणाची?"

डीटरनं पाइप झटकला. मर्सी भांडी उचलायला आत गेली.

"कोणाची तरी होती," जोथम म्हणाला. "खूप वर्षं झाली बाळ, आता कुठे आठवतंय?"

मित्रांनो, माझ्या काचा पुसल्या नाहीत तरी चालेल. चौकटीला वाळवी लागली तरी मी तक्रार करणार नाही. लाकडाला कधीतरी संपायचंच असतं. माझं मागणं वेगळं आहे. कोणाकडून काही उसनं घेतलंत, तर ते परत करताना त्या माणसाचं नाव चार लोकांत मोठ्यानं घ्या, आणि ते घेताना तुमचं नुकसान होणार असेल तेव्हा तर नक्कीच घ्या. वस्तू परत गेली म्हणजे फिटलं, असं नसतं.

त्या दिवशी कचेरीत मी टेबलावर होते. सगळ्यांना विचारलं, मला कोणी विचारलं नाही. म्हणून आज न विचारता सांगते. मी हेप्सिबा लुडलोची खिडकी आहे.